एकदा येऊन तर बघा

परवा भाचीचा फोन आला. तिच्या सासरची माणसं नागपूरहून यायची आहेत, हाताशी दोनेक दिवस आहेत, तर पुण्यात बघण्यासारखं काय आहे, असं ती विचारत होती. मी जन्मानं पुणेकरीण, पण मला धड उत्तर देता येईना. शनिवारवाडा म्हटलं तर म्हणाली, "तिथे नुसत्या भिंतीच आहेत ना गं?" मग मीच चिडले. म्हटलं, "भिंतीच आहेत. नको असतील तर येऊ नका म्हणावं." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की पूर्वी हा प्रश्न आला की मी सरळ समोरच्या दाराची बेल वाजवायची. त्या दाराला आता कुलूप आहे.

त्या दारामागे पंत राहायचे. पंत हे त्यांचं आडनाव. हरीश पंत, अल्मोड्याच्या बाजूच्या डोंगरातले. पण पेशव्यांच्या गावात कुणी स्वतःला पंत म्हणवून घेतलं की त्याला परप्रांतीय मानायला कोण तयार होतंय! आमच्या सासूबाई तर कितीतरी दिवस खोदून खोदून विचारत होत्या, "पंत म्हणजे कोकणस्थ की देशस्थ?" पंत गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "हिमालयस्थ." त्यांच्या घरात अशी समजूत होती, की त्यांचे कुणी पूर्वज फार पूर्वी कोकणातून हिमालयात गेले. "त्यामुळे मी इथे आलेलो नाही," ते म्हणायचे, "परत आलोय."

ठेंगणे, गोरे, गालांवर कायमची लाली. खडकवासल्याच्या रस्त्यावर एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरी केली, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावर आमच्या सोसायटीत फ्लॅट घेतला. मराठी असं बोलायचे की आमच्या मुलांना लाज वाटावी. ळ आणि ण अगदी ठसठशीत. 'आपण'शिवाय कुणाला हाक नाही. माझ्याकडून आमटीची वाटी गेली की परत येताना तिच्यात काहीतरी असायचंच, दोन आक्रोड, नाहीतर त्यांनी केलेली हिरवीगार चटणी. रिकामी वाटी परत करणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर दार लावणं, असं त्यांचं म्हणणं.

आणि या माणसाला एकच वेड होतं. साऱ्या जगानं पुणं बघायला यावं. आता गंमत बघा. आपण लोक वर्षभर पै-पैसा जोडून हिमालयात जातो, तिथे स्वेटर घालून फोटो काढतो. आणि हा हिमालयातला माणूस तिथल्या लोकांना सांगतो, की जरा खाली या, तुम्हांला तळजाईची टेकडी दाखवतो! मी एकदा म्हटलं, "अहो पंत, नंदादेवी बघत वाढलेल्या माणसांनी तळजाईवर काय बघायचं?" तर म्हणाले, "वहिनी, नंदादेवीवर कुणी संध्याकाळी चालायला जातं का? आमचा डोंगर लांबून नमस्कार करायचा. इथला डोंगर चहा घेऊन चढायचा."

पाहुण्यांना दाखवायची त्यांची ठिकाणं वेगळीच होती. वाडे, किल्ले त्यांच्या यादीत फार खाली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे ते पाहुण्याला उठवून मार्केट यार्डात फुलांच्या बाजारात न्यायचे. झेंडूचे ढीग, शेवंतीच्या पाट्या, हमालांची "बाजू, बाजू" अशी ओरड, पायाखाली चिखल झालेल्या पाकळ्या. तिथे मधोमध उभं राहून सांगायचे, "आमच्याकडे फुलांची दरी बघायला लोक दिवसभर चालत जातात. इथे स्वारगेटहून बस आहे."

आमच्या ह्यांचा एक मित्र बडोद्याहून लग्नाला आला होता. त्याला पंतांनी खडकवासल्याला नेलं, धरणाच्या कडेला वाऱ्यात उभं केलं आणि हातात भाजलेलं कणीस दिलं. मित्र बिचारा साधा. म्हणाला, "धरणच आहे की हो हे." झालं!  घरी आल्यावर पंतांनी त्याला आमच्या स्वयंपाकघरात नेलं, नळ सोडला, भांडं भरून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "मघाशी ज्याला धरणच आहे म्हणालात, ते आपल्याला भेटायला आलंय. प्या." त्या मित्रानं पुण्याचं नाव काढलं की अजून त्या भांडंभर पाण्याची आठवण निघते.

पण पुण्यात का यावं याचं पंतांचं सगळ्यांत लाडकं कारण आमचा तुसडेपणा. ते म्हणायचे, "इथे कुणी गोड बोलून गळा कापत नाही. दुकानदाराला तुम्ही नको असाल तर तो तसं तोंडावर सांगतो. माणूस कुठे उभा आहे ते त्याला कळतं." मला आधी वाटायचं, हे टोमणा मारतायत. पण नाही, त्यांना खरंच ते आवडायचं. इतकं, की त्यांनी ते शिकून घेतलं.

सोसायटीचे सेक्रेटरी झाल्यावर त्यांच्या लेखणीला बहर आला. आमच्याकडे दरवर्षी होळीनंतर मार्केट यार्डातून सगळ्यांचा मिळून गहू येतो. टेम्पो दारात लागतो आणि मग कट्टे लिफ्टमधून वर चढवायचे. लिफ्ट दोनदा बंद पडली. पंतांनी पाटी लावली : 'लिफ्ट माणसांसाठी आहे. गव्हाला पाय नसले तरी मालकाला आहेत.' आमचे चेअरमन दातार, जन्मात कुणाचं कौतुक न केलेला माणूस, पाटीपुढे उभे राहिले, चष्मा वर करून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "पंत, आता तुम्ही पुणेकर झालात." पंतांचा चेहरा असा फुलला, की काय सांगू. संध्याकाळी घरोघर बाकरवडी वाटली.

एवढ्या लोकांना बोलावलं, फिरवलं, पण ज्याला बोलवायचं होतं तो माणूस येत नव्हता. तो म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, ददा.

वडील लवकर गेले. ददांनी यांना वाढवलं. ओढ्याला पाणी असलं की हे ददांच्या पाठीवर बसून शाळेत जायचे, आणि ददा ओढ्याच्या पलीकडच्या काठावरून परत फिरून शेतावर. पंतांच्या तोंडून ही हकिकत मी कितीदा ऐकली असेन, आणि दर वेळी ते स्वतःच्याच खांद्यावर हात ठेवून सांगायचे. आता बायको गेल्यापासून ददा वरती एकटेच होते. गावातली निम्म्याहून जास्त घरं बंद. आजूबाजूला हाक मारली तर ओ देईल असं माणूस नाही. हिवाळ्यात पंतांचा जीव टांगणीला लागायचा. दर रविवारी गॅलरीत उभं राहून ते फोनवर ओरडून बोलायचे, आणि सगळ्या सोसायटीला शेवटचं वाक्य पाठ झालं होतं : "ददा, एक बार आके तो देखो!" आम्हांला त्याचं मराठी सांगायचे, "एकदा येऊन तर बघा. बघितलं की राहील. मला खात्री आहे."

त्यांच्यासाठी खोली तयार होती. खिडकीतून टेकडी दिसेल अशी. पुण्याच्या उकाड्यात त्यांनी त्या खोलीत जाडजूड रजई आणून ठेवली होती. मी हसले तर म्हणाले, "रजई दिसली नाही तर त्याला हे घर वाटणार नाही."

आणि एका वर्षी होळी झाल्यावर ददा आले.

ते संध्याकाळी उशिरा आले, त्यामुळे आम्ही कुणी त्यांना पाहिलं नव्हतं. पंत तेवढे दारात येऊन सांगून गेले, "आलाय. उद्या सगळ्यांना चहाला बोलावतो, रीतसर ओळख करून देतो." आवाज अगदी लहान मुलासारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हाचा टेम्पो आला. आमचा वॉचमन गावी गेला होता. नेपाळकडचा होता, त्याला सगळे बहादूर म्हणायचे. त्याचं नाव काय, हे विचारायचं आमच्यापैकी कुणाला कधी सुचलं नाही. पंतांनाही नाही. एजन्सी बदली माणूस पाठवणार होती, तो अजून उगवला नव्हता. गेटपाशी गुलमोहराखाली त्याची प्लॅस्टिकची खुर्ची असते, तिच्यात एक म्हातारा बसला होता. डोक्याला काळी टोपी, अंगात लोकरीची बंडी, तीही त्या उकाड्यात. आम्ही गृहीत धरलं, हाच तो बदली. मीसुद्धा तेच धरलं. खोटं कशाला बोलू?

दातारांनी हाक मारली, "ए बहादूर, चल, हात लाव जरा." म्हातारा लगेच उठला. हसला. कट्टा पाठीवर घेतला आणि लिफ्टकडे वळला, तर दातारांनी पाटीकडे बोट दाखवलं. "लिफ्ट नाही. सीढी, सीढी." म्हाताऱ्यानं मान हलवली आणि जिना चढायला लागला. पहिला दातारांचा, मग वरच्या देशपांड्यांचा, मग माझा. मी दारात उभी राहून "इधर, इधर, कोपऱ्यात" असं सांगत होते. एका शब्दानं त्यांना बसा म्हटलं नाही. पाणी विचारलं नाही. आज हे लिहितानाही कान गरम होतात.

माझाच शेवटचा कट्टा राहिला होता. दातार माझ्या दाराशी उभे होते. एवढ्यात समोरचं दार उघडून पंत बाहेर आले, हातात चहाची किटली, बहुधा भावाला शोधायला निघाले होते. दातार खुशीत होते. म्हणाले, "पंत, हा बदली गडी कामाचा आहे हो. कुरकुर नाही, काही नाही. एजन्सीला सांगून कायमचा करून घ्या."

पंतांनी जिन्याकडे पाहिलं. म्हातारा कट्टा पाठीवर घेऊन वळणावर थांबला होता, श्वास घेत. मान वाकलेली, पण डोळे वर. दोघांची नजरानजर झाली. मला तेव्हा काही कळलं नाही. पंतांच्या गालांची ती कायमची लाली उतरलेली तेवढी दिसली.

आणि पंत म्हणाले, "बघतो."

एवढंच. आपण पुणेकर एरवी म्हणतो ना, नळ गळत असला, वर्गणी मागायला कुणी आलं, तसंच. बघतो.

म्हातारा उरलेल्या पायऱ्या चढला. कट्टा माझ्या दारात नीट भिंतीला टेकवून ठेवला. खांदे झटकले. मग समोर गेला, पंतांच्या दाराबाहेर वहाणा काढल्या, एकाशेजारी एक ठेवल्या, आणि घरात गेला. दातारांनी माझ्याकडे पाहिलं, मी दातारांकडे. आतून भांड्यांचा आवाज आला. म्हातारा तांब्या-भांडं घेऊन बाहेर आला, दातारांच्या हातात पाणी दिलं आणि विचारलं, "और कुछ है नीचे?"

 दातार पंतांवरच डाफरले, "अहो, सांगायचं नाही का!" पंत किटली धरून तसेच उभे. म्हाताऱ्यालाच दया आली असावी. म्हणाला, "इसमें क्या बताना? घर पे बोझ आया ठैरा, तो हाथ लगाना हुआ." त्यांच्याकडे कुणाच्याही दारात धान्य आलं की सारं गाव ओझ्याला पाठ देतं म्हणे. आम्ही मात्र एकाही कट्ट्याला हात लावला नव्हता.

नंतर आम्ही सगळ्यांनी काय काय केलं नाही! दातार श्रीखंड घेऊन गेले. मी पुरणपोळ्या केल्या, त्याही साजूक तूप सोडून. ददांनी सगळं हात जोडून घेतलं. पंतांनी त्यांना सगळं पुणं दाखवलं. तळजाई, खडकवासला, मार्केट यार्ड, काही सोडलं नाही. ददा प्रत्येक गोष्टीला "बहुत बढ़िया" म्हणायचे. पण माझ्या एक लक्षात आलं. पंत आता कुठल्याच ठिकाणाबद्दल बोलत नव्हते. पूर्वी एका कणसावर अर्धा तास बोलणारा माणूस, भावाबरोबर नुसता चालायचा. मुकाट्यानं, एक पाऊल मागे.

जायच्या दिवशी ददा माझ्या दाराशी निरोप घ्यायला आले. मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं, "ददा, राहा ना इथेच. पंत इतकी वर्षं वाट बघतायत. वर एकटे काय करणार?" ते हसले. म्हणाले, "बेटी, शहर अच्छा है. पानी अच्छा है. हरीश यहीं का हो गया है कि नहीं, बस यही देखने आया था. देख लिया."

पंत त्यांच्या मागे पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी ते ऐकलं. ददांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, आम्हांला त्याची सवय आहे.

ददा गेले. ती खोली तशीच राहिली, रजईसकट.

काही दिवसांनी पंत माझी वाटी परत करायला आले. वाटी रिकामी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनाच ते जाणवलं आणि ते दारातच थांबले. म्हणाले, "वहिनी, मी दातारांना घाबरलो नाही. मला त्या टोपीची लाज वाटली हो. ज्या पाठीवर बसून मी शाळेत गेलो, तिच्यावर गहू होता, आणि मला वाटलं, हा माझा कुणी नाही असं क्षणभर राहिलं तर काय बिघडतं. क्षणभरच." मग म्हणाले, "आणि जिन्यानं तो का चढत होता? तर मी पाटी लिहिली होती म्हणून."  माझाही कट्टा होता त्यात. मी म्हटलं, "आत या, चहा टाकते." ते आले नाहीत.

पाटी त्यांनी स्वतः काढली. सेक्रेटरीपद सोडलं. रविवारचा फोन चालू होता, पण आता हळू आवाजात, दार लावून. ते वाक्य पुन्हा कधी ऐकू आलं नाही. बहादूर गावाहून परतला तेव्हा त्यांनी त्याला समोर बसवून नाव विचारलं. त्याचं नाव दिलीप निघालं. तेव्हापासून ते रोज दुपारी दिलीपला जेवायला पाठवायचे आणि तो येईपर्यंत स्वतः त्याच्या खुर्चीत बसायचे. डोक्याला काळी टोपी. ददा जाताना विसरून गेले होते की ठेवून गेले होते, देव जाणे. दातारांनी एकदा "पंत, हे काय मांडलंय?" असं विचारलं. पंत म्हणाले, "सावली चांगली आहे." दातार पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

पुढे त्यांनी फ्लॅटला कुलूप लावलं आणि ददांकडे निघून गेले. जायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. माझी आतेबहीण आणि तिचे यजमान नाशिकहून आले, रिक्षातून उतरले. मी वरून गॅलरीतून बघत होते. यजमानांनी बॅग खाली ठेवली आणि खुर्चीतल्या पंतांना हाक मारली, "ए बहादूर, कुलकर्णी कुठे राहतात रे?"

मी वरून ओरडणार होते. "अहो, ते आमचे पंत," असं अगदी ओठांवर आलं होतं. पण पंत उठले होते. त्यांनी वर, माझ्या गॅलरीकडे पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली. मग बॅग उचलून खांद्यावर घेतली. लिफ्ट समोर उघडी होती. पाटीही नव्हती आता. पण ते जिन्याकडे वळले.

मी दार उघडून उभी राहिले. खालून पावलं वर येत होती, आणि यजमानांचा आवाज. वेळ घालवायला माणूस बोलतो तसं ते विचारत होते, "काय रे, पुण्यात बघण्यासारखं काय आहे?"

पावलं थांबली. मला वाटलं, आता सांगतील. फुलं सांगतील, टेकडी सांगतील, नळाचं पाणी तरी सांगतील.

"मला ठाऊक नाही साहेब," पंत म्हणाले, तेच स्वच्छ मराठी, ठसठशीत. "मी इथला नाही."

ते वर आले. बॅग माझ्या दारात भिंतीला नीट टेकवून ठेवली, खांदे झटकले. आतेबहीण म्हणाली, "तुमचा वॉचमन चांगला आहे हो." मी पंतांकडे बघत राहिले, आणि माझे डोळे भरून आले म्हणून ती मला विचारायला लागली, काय झालं, काय झालं.

समोरचं दार त्यांचंच होतं, चार पावलांवर. पंत तिकडे वळले नाहीत. टोपी सारखी केली आणि जिना उतरून खाली गेले.